न विचारता वाहिलेली सुकेळी

“ते सगळं खरं, फादर. पण पाद्र्यांना लग्न करू द्यावं की नाही, तेवढं सांगा.”

रेजिना चर्चमागच्या ओट्यावर बसली होती. समोर दोनात नावाचे म्हातारे फादर वालाच्या शेंगा सोलत होते. ऐंशी ओलांडली, निवृत्त झाले, तरी गावातल्या बायका आपली गाऱ्हाणी त्यांच्याकडेच आणत.

प्रश्न खरं तर तिचा नव्हता. तिच्या मुलाचा, अल्बनचा होता. आठ दिवसांवर त्याची पाद्री होण्याची गुरुदीक्षा आलेली. मांडववाल्याला सांगून झालं होतं, बँडवाल्याला सांगून झालं होतं. आणि काल पाद्र्यांच्या शाळेतून, सेमिनरीतून, फोनवर त्यानं सहज विचारावं तसं विचारलं, “आई, पाद्र्यांना लग्नाची मोकळीक असावी का गं?”

म्हणून आज ती इथं आली होती.

अल्बन सहा महिन्यांचा असताना न्यूमोनियानं निळा पडला होता. रेजिनानं मरियामातेपुढे पदर पसरला. “हा वाचू दे. मोठा झाला की तुझ्या पायाशी आणून सोडीन. पाद्री करीन त्याला.”

पोर वाचलं. नवसाची गोष्ट सत्तावीस वर्षं ती ज्याला त्याला सांगत आली, अल्बनला तर घास भरवतानाही.

“प्रभूच्या शिष्याला, पेत्राला, सासू होती, फादर. शुभवर्तमानातच आहे. म्हणजे बायको असणारच.”

“होती ना. सासू होती म्हणूनच होडी टाकून प्रभूमागे निघाला असेल.”

रेजिना हसली नाही.

फादरांनी शेंग बाजूला ठेवली. “द्यावी मोकळीक.”

“काय सांगता! म्हणजे तुम्ही केलं असतं लग्न?”

“नाही.”

“मग मोकळीक कशाला?”

फादर पुन्हा शेंगा सोलू लागले…

“अल्बनच्या मनात कुणी मुलगी आहे?” त्यांनी विचारलं.

“मी नाही विचारलं.”

“का गं?”

“‘हो’ म्हणाला तर?” मांडीवरची पिशवी तिनं जवळ ओढली. “नवस मोडेल, फादर. मातेनं दिलेलं पोर मातेनं परत नेलं तर?”

फादरांची नजर तिच्या पिशवीवर गेली. “त्यात काय आहे?”

“सुकेळी. अल्बनला भारी आवडतात. राजेळी केळी सोलून आठवडाभर उन्हात घातली, रोज हातानं उलथली. इथून सरळ सेमिनरीत जाणार आहे द्यायला.”

फादरांनी हात पुढे केला. आशीर्वाद देणार असतील, असं वाटून तिनं पुडा काढून दिला. ते उठले, गुडघा चोळला आणि लंगडत देवळात, चर्चमध्ये, गेले.

आले ते रिकाम्या हातानं.

“सुकेळी कुठायत, फादर?”

“मातेला वाहिली. गुडघा फार छळतो. म्हटलं, माते, ही सुकेळी घे आणि गुडघा बरा कर.”

“अहो!” रेजिना उभीच राहिली. “ती माझी होती! लेकासाठी केलेली! गुडघा तुमचा आणि नवस माझ्या सुकेळ्यांचा? निदान विचारायचं तरी आधी!”

फादर पुन्हा शेंगांपाशी बसले.

…

रेजिना हळूच खाली बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

“अल्बनला कुणी विचारलंच नाही,” ती म्हणाली. स्वतःशीच म्हणाली.

“मीही नवसाचाच,” फादर म्हणाले. “माझ्या आईनंही असाच नवस बोलला होता. दीक्षेला चार दिवस उरले असताना ती सेमिनरीत आली. चालत. म्हणाली, ‘दोनात, नवस माझा होता. मी मातेला सांगून आलेय, तो माझा मी फेडीन. तू घरी ये नाहीतर इथं राहा. ताट दोन्हीकडे वाढलेलं आहे.’”

“मग?”

“मग खूप रडलो… आणि राहिलो. तोवर मला ठेवलेलं होतं, रेजिना. राहिलो तो त्या दिवसापासून.”

देवळाच्या कौलांवर पारवे घुमत होते. रेजिनानं डोळे पुसले, पिशवीची घडी घातली, पुन्हा उलगडली.

“आणि तो घरी आला तर?”

“तर सूनमुखही बघशील.”

तिला रडता रडता हसू आलं. पण पाय काही उचलेना.

“मातेसमोर ठेवलेलं परत कसं घेऊ, फादर?”

फादरांनी वालाची टोपली मांडीवर ओढली.

“मी न विचारता ठेवलं. तू विचारून उचल. आणि सेमिनरीत गेलीस की माझ्या आईनं केलं तसं कर, बाई.”