शेवंतीचं अंगण

डोंगराच्या कुशीत, जिथे सकाळचं ऊन सगळ्यांत आधी उतरायचं, तिथे एक इवलंसं कौलारू घर होतं. त्या घरात शेवंती नावाची चिमुरडी आणि तिचे बाबा राहत. आंब्याच्या झाडावरून पडल्यापासून बाबांना काठी टेकत, पाय ओढत चालावं लागे. घरापुढचा ओटा ढासळला होता, अंगणात खड्डे पडले होते आणि परसात काटेरी झुडपं माजली होती. बाबांना बाहेर पाऊल टाकताच येत नसे. सोनपिवळं ऊन दारापर्यंत यायचं आणि बाबा आतूनच त्याच्याकडे बघत बसायचे.

"बाबा, मी आपलं अंगण नीट करणार," एके सकाळी शेवंती म्हणाली.

"एवढीशी तू. कसं करशील?"

"थोडं थोडं."

छोटीशी पाटी घेऊन ती रानाच्या कडेला तांबडी माती आणायला गेली. मऊ जागा बघून तिने खणायला घेतलं, तर आत मुंग्यांची धावपळ उडाली. मोत्यांसारखी पिटुकली अंडी तोंडात धरून त्या सैरावैरा पळत होत्या. शेवंतीने हळूच माती परत लोटली आणि शेजारच्या टणक जमिनीत खणू लागली. तिचे तळवे लाल झाले.

तेवढ्यात वरच्या तामणीचा जांभळा फुलोरा चमचमला आणि त्यातून बोटाएवढी परी खाली तरंगत आली. तिचा झालरीचा झगा फुलांच्या पाकळ्यांचा होता आणि पंख चतुराच्या पंखांसारखे झिलमिल होते.

"मुंग्यांसाठी तू कठीण जमीन खणलीस," परी म्हणाली. "माग, तुला तीन वर देते. पण नियम ऐक. आधी तुझे हात कामाला लागले पाहिजेत, मगच वर फळेल. सूर्य मावळायच्या आत मागायचं. आणि कुणाचं घर मोडलं, तर सगळं होतं तसं होईल."

शेवंती धावत घरी आली आणि तिच्या मागोमाग परीही तरंगत आली. एक खड्डा बुजवून तिने वर मागितला, तशी सगळ्या अंगणावर तांबूस, मऊ माती पसरली. कडेने गुलबक्षी आणि झेंडू डुलू लागले. मग परसातलं एक काटेरी झुडूप उपटून तिने दुसरा वर मागितला. तिथे हिरव्यागार अळूची पानं डोलू लागली, मांडवावर दोडक्याची पिवळी फुलं हसू लागली. बाबा दारातून बघतच राहिले.

आता उरला ओटा. शेवंतीने ढासळलेला पहिला दगड उचलला आणि ती थबकली. खाली सुक्या गवतात मुंगसाची इवली इवली पिल्लं एकमेकांना बिलगून झोपली होती. त्यांची आई लाल डोळ्यांनी शेवंतीकडे एकटक बघत होती.

शेवंतीने दगड अलगद जागेवर ठेवला. सूर्य डोंगराला टेकत आला होता.

"परीताई, तिसरा वर मला नको," ती म्हणाली.

"मग तुझे बाबा बाहेर कसे येतील?"

"मी दुसऱ्या बाजूने मातीचा उतार घालेन. वेळ लागेल. बाबा, तुम्ही थांबाल ना?"

"थांबेन की, पोरी," बाबा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "पिल्लं मोठी होऊ देत."

शेवंतीने पाटी उचलली आणि उतारासाठी पहिली माती टाकली. परी कौतुकाने तिच्याकडे बघत होती.

"वर तू सोडलास. हे मात्र मी माझ्या आनंदाने देते," ती म्हणाली आणि तिने पंख झटकले.

सोनेरी कणांचा सडा पडला. एकही पिल्लू जागं न होता ओटा सावरला, गुळगुळीत झाला. ओट्याच्या पायाशी मुंगसांसाठी छोटंसं गोल दार उरलं आणि बाजूला काठी टेकत सहज उतरता येईल असा उतार झाला.

बाबा उंबरा ओलांडून हळूहळू खाली आले. मावळतीच्या केशरी उन्हात त्यांनी चेहरा वर केला. शेवंती परीकडे वळली, तर परीचे पंख, झगा, हसू सगळं त्या उजेडात विरघळत चाललं होतं. जांभळा ठिपका एकदा लुकलुकला आणि अंगणभर नुसता उजेड राहिला.

"शेवंते," बाबा म्हणाले, "ताटं इथेच आण. आज आपण अंगणात जेवू."