न रडणारे बाळ

एकदा एका खाडीकाठच्या गावात एक वृद्ध बालवैद्य राहत होते. घाटावरच्या एका नगरातून विश्वंभर नावाचा तरुण त्यांच्याकडे विद्या शिकायला आला. वडील लहानपणीच वारले होते. घरात तो आणि आई, दोघेच. मुलगा हुशार, पण निष्कर्षाची त्याला फार घाई.

बाळाची माया ओळखण्याची एक परीक्षा त्याने स्वतःच शोधून काढली होती. आईला क्षणभर बाहेर पाठवायचे. बाळ रडले आणि ती परतताच बिलगले, तर माया खरी. त्याच्या नगरातली सगळी बाळे या परीक्षेत उत्तीर्ण झाली होती. डोंगरावरच्या पाड्यात मात्र आयांनी पाठीवरची झोळी सोडून खाली ठेवताच मुलांनी असा आकांत मांडला, की ती तासभर शांत झाली नाहीत. ‘लाडावलेली’, असे त्याने ठरवून टाकले.

मग तो कोळीवाड्यात चांगुणाच्या घरी गेला. ती बाहेर गेली, तरी तिचा वर्षाचा मुलगा करवंटी आपटत खुशाल खेळत राहिला. ती परतली, तेव्हा त्याने एकदा पाहिले आणि पुन्हा करवंटी आपटली. विश्वंभर गंभीरपणे म्हणाला, “ताई, बाळाला तुमची ओढ नाही. मासळीचा बाजार सोडा, याला जवळ घेऊन बसा.”

आठव्या दिवशी चांगुणाची सासू तणतणत वैद्यांच्या दारात आली. “वैद्यबुवा, आमची सून रडून रडून अर्धी झाली! पोराला मांडीवरनं उतरू देत नाय. पोर किरकिरतंय, मासळी घरात पडून हाय. काय सांगितलं तुमच्या शिष्यानं तिला?”

वैद्यांनी शिष्याकडे पाहिले. विश्वंभरने मान ताठ ठेवून सारी हकिकत सांगितली. वैद्यांनी पायांत वहाणा सरकवल्या आणि ते त्याला घेऊन निघाले.

चांगुणाच्या घरी नेहमीसारखी माणसांची वर्दळ होती; तिचे डोळे मात्र सुजले होते. वैद्यांनी तिला बाहेर जायला सांगितले. मुलगा खेळत राहिला. विश्वंभरने ‘पाहिलेत?’ अशा नजरेने गुरूंकडे बघितले. पण वैद्य थांबले नाहीत. त्यांनी नणंदेला बाहेर पाठवले. मग सासूला. मग शेजारच्या म्हातारीला. प्रत्येक वेळी मुलगा मान वर करी आणि उरलेल्या माणसाकडे थोडा सरके. शेवटी कोपऱ्यात जाळे विणत बसलेल्या आजोबांनाही वैद्यांनी उठवले.

आता घरात उरले दोघे परके. मुलाने चहूकडे पाहिले. ओठ मुडपला आणि असा टाहो फोडला, की अंगणातली माणसे एकदम दारात घुसली! तो जवळच्या आजोबांच्या कडेवर चढला, तिथूनच आईची वेणी मुठीत घट्ट धरली आणि हुंदके देत देत हसू लागला. चांगुणा रडता रडता हसली.

“विश्वंभरा,” वैद्य म्हणाले, “तुझी आई बाहेर गेली, की तुझे अख्खे घरच बाहेर जात असे. म्हणून तू रडत असशील, आणि तुझ्या नगरातली बाळेही. याची आई बाहेर जाते, तेव्हा घर घरातच असते. त्याच्या न रडण्यात मायेचा अभाव नव्हता, निर्धास्तपणा होता.”

“आणि डोंगरावरची मुले?”

“ती जन्मापासून आईच्या पाठीला चिकटून वाढली. त्यांना तू एकदम जमिनीवर ठेवायला लावलेस. तू तरी गप्प बसला असतास का?” वैद्य मनापासून हसले. “माया सगळीकडेच आहे, बाळा. ती किती हातांत वाटून ठेवायची, हे ज्याचे त्याचे जगणे ठरवते.”

विश्वंभरची मान प्रथमच खाली गेली. “ताई, चूक माझी होती. आठ दिवस तुम्हाला उगीच रडवले.”

“जाऊ द्या, दादा,” म्हणत चांगुणाने पदर खोचला, डोक्यावर पाटी घेतली आणि तरातरा बाजाराची वाट धरली.

पुढे विश्वंभर नामांकित बालवैद्य झाला. कुठल्याही घरी गेला, की नाडी पाहण्याआधी तो विचारी, “या बाळाला दिवसभरात कोण कोण घेतं?” आणि उत्तर पुरे होईपर्यंत थांबे. कोळीवाड्यात त्याला बराच वेळ थांबावे लागे.