दोराची दोन टोकं

महाराजांची पगडी माकडाने पळवली आणि सुरंगगडाचा कारभारच थांबला!

माकडाने पगडी घटकाभर स्वतःच्या डोक्यावर घालून पाहिली, शोभली नाही म्हणून आंब्याच्या उंच फांदीला अडकवली आणि ते आपल्या कामाला निघून गेलं. भैरवराजे महाराज मात्र हट्टाला पेटले. "हीच पगडी डोक्यावर चढत नाही, तोवर दरबार बंद!"

दरबार बंद राहिला. तेवढ्या दिवसांत राज्यात एकही चुकीचा हुकूम निघाला नाही, पण हे बोलून दाखवायची कुणाची छाती नव्हती.

बरं, पगडी काढायला झाडावर चढावं, तर तीही सोय नाही! "हा आंबा आमच्या आजोबांनी लावलाय," महाराज गरजले. "त्याच्या अंगाला कुणाचा हात लागता कामा नये, पाय तर नाहीच! शिडीही टेकवायची नाही. न चढता पगडी आणा!"

तेवढ्यात खांद्यावर काथ्याच्या दोराचं वेटोळं घेतलेली एक पोरगी पुढे झाली. सोमा पाडेल्याची आवडी.

सोमा राजबागेतल्या माडांवर चढून नारळ पाडायचा. स्वतः वळलेल्या काथ्याच्या दोरावर त्याचा जन्म गेला. मग दिवाण हैबतरावांनी सरकारी इतमामाला शोभतील असे जरतारी रेशमी दोर खरेदी केले. पहिल्याच दिवशी दोर तुटला आणि सोम्याचा पाय मोडला. चौकशी केली तीही दिवाणजींनीच, आणि निकाल दिला, "दोर उत्तम. माणूस प्यायलेला होता." सोम्याचं काम गेलं, बागेतली खोपटी गेली. आयुष्यात ताडीला न शिवलेला माणूस गावभर दारुडा ठरला.

"पगडी मी आणते, महाराज," आवडी म्हणाली. "आणली, तर माझ्या बाबांवरचा डाग पुसायचा आणि त्यांचं काम त्यांना परत द्यायचं."

"आणि नाही आणलीस तर?" दिवाणजींनी डोळे बारीक केले.

"तर आम्ही दोघं राज्य सोडून जाऊ."

"कबूल!" महाराज म्हणाले.

"पण दोर सरकारीच वापरायचा!" दिवाणजी घाईने म्हणाले. "राजाची पगडी काथ्याने उतरवायची? शोभतं का ते?"

रेशमी दोर आला. आवडीने त्याचा पीळ बोटांनी जरासा उकलून पाहिला. वर जर, आत कुजक्या चिंध्या! तिच्या जिभेवर उत्तर आलं होतं, पण तिने ते गिळलं. बाबाही बोलले होतेच की. कुणी ऐकलं?

"चालेल, सरकारीच," ती गोड हसून म्हणाली. "पण आमची एक रीत आहे, महाराज. एका टोकाला चढणारा, तर दुसऱ्या टोकाला दोर निवडणारा!"

"मी?" दिवाणजी ओरडले. "शिपाई धरतील की टोक!"

"शिपाई नकोत. महाराज दिसले की ते दोर सोडून मुजरा करतील. तुमचं तसं नाही, दिवाणजी. तुमच्या हातात एकदा गेलेली वस्तू सुटलेली कुणी पाहिली नाही!"

महाराजांना एकाएकी खोकला आला. "रीत म्हणजे रीत," ते मिशीआडून म्हणाले.

आंब्याशेजारी, पगडीच्या फांदीखालीच, एक विहीर होती. दिवाणजींनीच सरकारी खर्चाने खणलेली. तिला पाणी कधी लागलं नाही, पण त्याच साली दिवाणजींच्या घरावर दुसरा मजला चढला. विहिरीवरची कप्पी अजून कोरी करकरीत होती. आवडीने ती उतरवून घेतली. मग सुतळीला खडा बांधला, गोफण गरगर फिरवली आणि खडा भिरकावला. पहिला खडा चोपदाराच्या नाकावरून गेला. दुसरा मात्र पगडीच्या वरच्या फांदीपलीकडून खाली आला!

"झाडाला सुतळी लागली!" दिवाणजी किंचाळले.

"हुकूम हातापायांचा आहे, दिवाणजी. सुतळीला दोन्ही नाहीत!"

सुतळीमागून दोरी ओढली, दोरीमागून कप्पी वर गेली. दोरीचं टोक विहिरीच्या खांबाला पक्कं झालं. कप्पीतून आधीच दुसरी सुतळी ओवलेली होती. आता तिच्यामागून ओढायचा राहिला तो मुख्य दोर.

शिपायांनी दिवाणजींना विहिरीच्या काठावर आणून रेशमी दोर त्यांच्या पोटाभोवती आवळला. दिवाणजींनी खाली डोकावून पाहिलं. खोल अंधार!

"थांबा!" ते मागे सरकले. "हा नको! काथ्याचा आणा, काथ्याचा!"

"असं का, दिवाणजी?" आवडीने भोळेपणाने विचारलं. "दोर तर उत्तम आहे. आणि तुम्ही प्यायलेलेही नाही!"

महाराजांनी डोळ्यांनी खूण केली. दोन शिपायांनी रेशमी दोर दिवाणजींच्या पोटावरून सोडवला आणि त्याची दोन टोकं धरून हिसका दिला. काड्‌! दोघेही पाठीवर आपटले आणि चिंध्या वाऱ्यावर उडाल्या.

"काथ्याचा लावा," महाराज थंडपणे म्हणाले. "दिवाण मात्र तेच राहू देत."

सोम्याचा दोर कप्पीतून गेला. एका टोकाला दिवाणजी, दुसऱ्याला आवडी. तिने दोराला बसायपुरती फळी अडकवली होती आणि आपलं एकूण वजन दिवाणजींपेक्षा किंचितच कमी भरेल इतकं वाळूचं पोतं सोबत घेतलं होतं. शिपायांनी दिवाणजींना काठावरून हळूच सोडलं. दिवाणजी सावकाश विहिरीत, आवडी सावकाश आभाळात! बुंध्याला ना बोट लागलं ना टाच. तिने अलगद पगडी उचलली.

"शाबास!" महाराज ओरडले. "ये खाली!"

"येईन की, महाराज!" वरून आवाज आला. "पण एक अडचण आहे. आजवर दिवाणजी वर चढायचे आणि रयत खाली जायची. आज पहिल्यांदा उलटं झालंय. मी खाली आले, की ते परत वर येणार! काय करू?"

महाराज हसू लागले. इतके हसले, की उघड्या डोक्याने आजोबांच्याच झाडाला टेकले आणि हात त्या बुंध्यावर आपटत राहिले. मग डोळे पुसत त्यांनी हुकूम दिला.

"सोम्यावरचा डाग पुसला! त्याला काम परत, घर परत! आणि यापुढे राज्यातला प्रत्येक दोर सोमाच निवडेल. ये पोरी, बिनघोर खाली ये! वर येईल तो नुसता हैबतराव. दिवाण विहिरीतच राहिला!"