रोपांची सासू

फार फार वर्षांपूर्वी एक राज्य होतं. तिथे खायची मिरची परसात लावत आणि पाहायची मिरची दारात. ही शोभेची मिरची मोठी देखणी. बोटाच्या पेराएवढी तिची फळं वर तोंड करून उभी राहत. आधी जांभळी, मग पिवळी, शेवटी लालभडक.

राजाच्या वाढदिवशी राजवाड्याच्या पायऱ्यांवर या मिरचीच्या कुंड्या मांडल्या जात. राजा त्यांतली एक निवडी आणि तिचंच बी गावोगाव वाटलं जाई. निवड दरवर्षी मुख्य माळ्याच्याच कुंडीची होई.

त्याच्या हाताखाली एक माळीण होती. वाढदिवसाच्या आदल्या दिवशी तिला एकच काम असे. बोकड्या रोगाने आक्रसलेली आणि भुरीने पांढरी पडलेली पानं नखाने खुडायची, उरलेल्यांवर तेलाचा हात फिरवायचा आणि खुडलेली पानं बागेमागच्या ढिगावर टाकायची. याला ‘शृंगार’ म्हणत. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

एका वर्षी एक म्हातारी वाळलेली कुंडी कडेवर घेऊन चार कोस चालत आली.

“राजाच्या घरचं बी म्हणून जिवापाड जपलं हो,” ती म्हणाली. “माझी मिरची गेलीच, शेजारणींच्याही गेल्या.”

मुख्य माळ्याने कुंडीकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. “आजी, बी चांगलंच होतं. तुमच्या हाताला गुण नाही.”

म्हातारी मान खाली घालून निघून गेली.

माळिणीने आपल्या हिरव्या पडलेल्या नखांकडे पाहिलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. ते बी ज्या झाडाचं, ते झाड तिला चांगलं आठवत होतं. त्याची ओंजळभर पानं तिनेच खुडली होती.

पोटासाठी ती शृंगार करत राहिली. पण बागेमागे तिने आपला एक वाफा धरला. जिथे रोपं मर लागून मुळातून कोमेजून जात, नेमक्या त्याच मातीत तिने तीनशे बिया टाकल्या. जी रोपं जगली, ती भुरी लागलेल्या झाडांशेजारी लावली. त्यातून जी उरली, त्यांच्यामध्ये बोकड्या झालेल्या कुंड्या आणून ठेवल्या. जे रोप आजारी पडेल ते उपटायचं, मग ते कितीही सुंदर असो. एक गर्द जांभळं रोप उपटताना तिला दोन दिवस जेवण गेलं नाही.

बाकीचे माळी हसत. “ही तर रोपांची सासू! छळून छळून बघते, कोण टिकतंय ते.”

“सासू बरी,” ती म्हणे. “पुढे काय भोगायचंय ते आधीच सांगते.”

चार वर्षांनी नऊ झाडं उरली. त्यांतली सर्वांत रंगीत कुंडी तिने पायऱ्यांवर ठेवली. फळं थोडी लहान होती, एका पानाला किड्याने भोक पाडलं होतं.

“ही आजाऱ्यांमध्ये वाढलेली आहे, महाराज,” मुख्य माळी नाक मुरडून म्हणाला. “शोभेचं झाड कुणी रोगात ठेवतं का?”

“मग रोगाला कुणी बोलावतं का?” माळीण म्हणाली. “तो येतोच. महाराज, माझ्या झाडाची सगळी पानं अंगावर आहेत. यांच्या झाडांची कुठे गेली, एवढं विचारा.”

“शुभ दिवशी रोगाचं नाव नको,” राजा म्हणाला, आणि त्याने मुख्य माळ्याची तेलाने चमकणारी कुंडी निवडली.

त्याच संध्याकाळी माळिणीची नऊही झाडं बागेमागच्या ढिगावर फेकली गेली आणि तिला घरी पाठवलं. ती रडली नाही.

पुढच्या वर्षी वाढदिवसाच्या तोंडावर सगळे रोग एकदम आले. माळी पानं खुडत राहिले. खुडता खुडता काठ्या उरल्या. राजा पायऱ्या उतरला तर दोन्ही बाजूंना नुसत्या काठ्या.

“पानं कुठे आहेत?” त्याने विचारलं.

सासू म्हणून हसणाऱ्यांपैकीच एक जण म्हणाला, “ढिगावर, महाराज.”

राजा ढिगाकडे गेला. सगळ्या बागेचे रोग जिथे कुजत होते, तिथेच माळिणीच्या झाडांच्या गळलेल्या फळांतून रोपं उगवली होती. हिरवीगार पानं, आणि त्यांच्यावर जांभळी, पिवळी, लाल फळं.

माळिणीला बोलावणं गेलं. राजा म्हणाला, “चुकलं माझं. हवं ते माग.”

“चार कोसांवर एक म्हातारी आहे,” ती म्हणाली. “पाच वर्षं तिने दारात कुंडी ठेवलेली नाही. तिच्या हाताला गुण होता, हे तिला कुणीतरी सांगायला हवं.”

राजाने मुख्य माळ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी मुख्य माळी ढिगावरचं एक रोप कुंडीत लावून, कुंडी कडेवर घेऊन, चार कोस पायी गेला. म्हातारीच्या दारात उभं राहून, शेजारणींच्या देखत, त्याला ते वाक्य म्हणावं लागलं. त्या वर्षापासून शृंगार बंद झाला.

तात्पर्य: दोष खुडून ज्याला उत्तम ठरवतात, त्याची शिक्षा ते विश्वासाने घरी नेणाऱ्याला भोगावी लागते.