पट्टा शिवून मिळेपर्यंत

एकदा एक व्यापारी एका तळ्याच्या प्रेमात पडला. हसू नका. साठी ओलांडलेली माणसंही प्रेमात पडतात. फक्त त्यांना ते कळायला अंमळ उशीर लागतो, आणि एकदा कळलं की ती थेट घरच घ्यायला निघतात.

या व्यापाऱ्याचं नाव दिगंबरशेठ. बाजारपेठेच्या गावी त्याचं भांड्यांचं दुकान होतं. चाळीस वर्षं पातेल्या-परातींच्या खणखणाटात काढलेल्या या गृहस्थाला गेल्या वर्षी गल्ल्यावर बसलेला असतानाच छातीत कळ आली. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं काही नाही, पण दगदग पुरे. दिगंबरशेठने दुकान पुतण्याच्या हाती सोपवलं आणि जाहीर करून टाकलं, की उरलेलं आयुष्य तळ्याकाठी काढायचं.

ते तळ्याचं गाव म्हणजे डोंगरावरचं एक लहानसं पर्यटनस्थळ. गार वारा, होड्या, घोडे, भाजलेली कणसं. दिगंबरशेठ आणि त्याची पत्नी कुमुदिनीबाई गेली अठरा वर्षं, दर वर्षी चार दिवस, तिथे न चुकता जात. तिथेच आता एक बंगला विकायला निघाला होता. व्हरांड्यातून चार पायऱ्या उतरल्या की पाणी! दलालाला गुरुवारपर्यंत शब्द द्यायचा होता, आणि बंगला घ्यायचा तर राहतं घर विकणं भाग होतं.

कुमुदिनीबाईंना विचारलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "तुम्ही म्हणाल तिथे." नवरे मंडळी या उत्तराला होकार समजतात, धन्य आहे त्यांची! बाईंच्या मनात एकच प्रश्न रुतून बसला होता. यांना पुन्हा कळ आली तर त्या पाण्याकाठी मी कुणाला हाक मारू? पण नवऱ्याचा फुललेला चेहरा बघून त्यांनी तो गिळला होता, आणि त्या गिळलेल्या प्रश्नापायी त्यांचं जेवण निम्म्यावर आलं होतं.

मंगळवारी सकाळी दोघं गाडीने निघाली. वाटेवरच्या गावात दिगंबरशेठचे शाळेतले गुरुजी राहत. पंच्याऐंशी वर्षांचे, कानाने तल्लख, जिभेने त्याहून. शुभकार्याला चाललोय तर पाया पडून जाऊ, म्हणून दोघं थांबली. गुरुजी अंगणात कात्री घेऊन जाईचा वेल छाटत होते.

"ये रे दिगू," गुरुजी म्हणाले. बासष्ट वर्षांच्या माणसाला दिगू म्हणणारं जगात आता एवढंच एक माणूस उरलं होतं. "आणि ही अशी का वाळली?"

"काही नाही, गुरुजी, जरा उन्हाचं," बाई पुटपुटल्या. दिगंबरशेठचं मात्र तिकडे लक्षच नव्हतं. त्याने तळं सांगितलं, बंगला सांगितला, पायऱ्या सांगितल्या.

"तिथे ओळखीपाळखी?"

"अहो, सगळं गाव ओळखतं मला! गाडी थांबायच्या आत हॉटेलवाला धावत येतो. काही मागायचा अवकाश, की हजर. इतकी प्रेमळ माणसं मी कुठे पाहिली नाहीत."

गुरुजींनी 'हं' केलं. मग ते उठले, दिगंबरशेठच्या खांद्यावरची जाड कॅनव्हासची बॅग त्यांनी हातात घेतली, जणू वजन बघताहेत, आणि वेल छाटायच्या कात्रीने तिचा पट्टा कचकन कापला.

"अहो गुरुजी!" दिगंबरशेठ ओरडलाच.

"आता हा पट्टा शिवून आण. त्याच गावात शिवायचा. नवी बॅग घ्यायची नाही, गाठ मारायची नाही. आणि पट्टा शिवून हातात पडेपर्यंत दलालाला शब्द द्यायचा नाही. परत येताना मला दाखव."

"पण कशासाठी?"

"पन्नास वर्षांपूर्वी गणित घालताना मी तुला कारण सांगत होतो का?"

म्हातारपणी माणसं अशी करतात, असं मनात म्हणत दिगंबरशेठ बॅग काखोटीला मारून निघाला.

गावात पोचल्यावर हॉटेलचा व्यवस्थापक नेहमीप्रमाणे धावत आला. "या शेठजी, या वहिनी! तीच खोली ठेवलीये, तळ्याच्या बाजूची. कधी निघणार?"

"ते बघू. आधी मला सांगा, हा पट्टा कुठे शिवून मिळेल?"

व्यवस्थापक गोंधळला. एवढ्या वर्षांत त्याच्याकडे होडी मागितली होती, घोडा मागितला होता, बिनतिखटाचं पिठलंही मागितलं होतं. शिवणकाम कुणी मागितलं नव्हतं. "शेठजी, दोन दिवसांचा तर प्रश्न. गाठ मारून टाका ना."

"दोन दिवसांचा नाही हो. मी इथे कायमचा राहायला येतोय."

व्यवस्थापक मनापासून हसला. "चेष्टा करताय का गरिबाची! इथे वर कोण राहतं शेठजी? मी स्वतः पाऊस लागला की खाली आमच्या गावी जातो."

दिगंबरशेठला ते लागलं. तो तावातावाने तळ्याकाठच्या बाजारात गेला. पहिला दुकानदार म्हणाला, शिवता कशाला, ही घ्या नवी, चाकांची. दुसऱ्याने न मागता टोपीही काढून दाखवली. तिसऱ्याने तर बॅगेकडे न बघताच फोटो काढायचा का विचारलं. सगळे हसतमुख, सगळे तत्पर, आणि शेवटी सगळ्यांचा प्रश्न एकच: किती दिवस आहात?

मग तो बंगला बघायला गेला. मोसम नव्हता. ओळीतल्या दहा बंगल्यांपैकी दहाही कुलूपबंद होते. एकटा राखणदार झाडाखाली बसला होता. शेजारी कोण असतं म्हणून विचारलं, तर तो म्हणाला, "मे महिन्यात येतात की सगळे." कुमुदिनीबाई चार पायऱ्या उतरून पाण्याशी उभ्या राहिल्या आणि परत वर आल्या. तळं सुंदरच होतं हो! त्यात त्या बिचाऱ्या तळ्याचा काय दोष?

"झक मारली आणि गुरुजींकडे गेलो," दिगंबरशेठ परतताना चिडून म्हणाला. "या गावात पट्टा शिवणारं कुणी नाहीच."

कुमुदिनीबाई थबकल्या. शेजारी कणसं भाजणारी बाई होती. तिच्या गाडीवर ताडपत्रीचं छत होतं, आणि छताला नीट शिवलेलं एक ठिगळ होतं. त्यांनी विचारलं, "बाई, हे छत तुम्ही कुणाकडून शिवून घेता?"

"आक्काकडनं," बाई कणीस फिरवत म्हणाली. "येष्टी स्टँडाच्या मागं उतार लागतो. पिठाच्या गिरणीला लागून तिसरं दार."

अठरा वर्षांत दिगंबरशेठ स्टँडाच्या मागे कधी गेलाच नव्हता. दोघं उतार उतरली तर खाली आख्खी आळी! गिरणी, न्हाव्याचं दुकान, वाळत घातलेली धुणी, ओट्यावर शेंगा फोडत बसलेल्या बाया. तिथून तळं दिसत नव्हतं. तिसऱ्या दारात होड्यांच्या कनातींचा ढीग, आणि ढिगाआड मोठ्या मशीनवर वाकलेली चंद्राक्का.

आक्काने पट्टा निरखला. "तुटला नाही, कापलाय. कुणी कापला?"

"आमच्या गुरुजींनी," दिगंबरशेठ ओशाळून म्हणाला.

"कायतरी केलं असंल तुम्ही," आक्का म्हणाली, आणि ओट्यावरच्या बाया खुदखुदल्या. "ठेवा. परवा बारा वाजता या."

"परवा? अहो, दहा मिनिटांचं तर काम आहे. आत्ताच द्या, काय होईल ते सांगा."

"घाई असली तर वर नवी मिळती. माझ्याकडं आधी या कनाती, मग पोरांची दप्तरं. परवा. बाराच्या आत नको, बाजाराला जाते मी."

दिगंबरशेठचा चेहरा बघण्यासारखा झाला. या गावात त्याला कुणी, कधीच, थांबायला सांगितलं नव्हतं.

बुधवार रिकामा गेला. गुरुवारी सकाळी दलालाचा फोन आला. दुपारनंतर कळवतो, असं दिगंबरशेठ म्हणाला खरा, पण त्याच्या आवाजात जीव नव्हता. जेवल्यावर तो जरा आडवा झाला, त्याचा डोळा लागला, आणि कुमुदिनीबाईंनी त्याला उठवलं नाही.

चार वाजता खोलीचं दार वाजलं. दारात चंद्राक्का, काखेत बॅग, आणि मागे गोरामोरा झालेला व्यवस्थापक.

"काय हो हे!" आक्काने उंबऱ्यावरूनच सुरुवात केली. "बाराला येणार म्हणाला होता न्हवं? चार वाजले! परवा तुमच्या मालकांचा चेहरा ओढलेला दिसला होता, म्हणून माझ्या जिवाला घोर. आळीतल्या दोघी म्हणाल्या, जा बघून ये. तीन हॉटेलं पालथी घातली, तवा सापडला. येणार नव्हता तर निरोप तरी धाडायचा!"

आणि कुमुदिनीबाई, ज्या महिनाभर घरात एक शब्द धड बोलल्या नव्हत्या, त्या पदर डोळ्यांना लावून रडायलाच लागल्या. आक्का घाबरली. "अगं बाई, मी काय एवढं बोलले?"

"बोला हो," बाई रडता रडता हसत होत्या. "आणखी बोला."

दलालाकडून आणखी एक दिवस मागून घेऊन दुसऱ्या दिवशी दोघं गुरुजींच्या अंगणात होती. गुरुजींनी पट्टा ताणून पाहिला. शिवण पक्की होती. मग त्यांनी सगळी हकीकत ऐकून घेतली, मध्ये एकदाही न बोलता, जे त्यांना फार जड गेलं असणार.

"दिगू," ते म्हणाले, "पाहुण्याचं सगळं तत्काळ होतं, कारण तो जाणार असतो. त्याच्या तैनातीला माणसं असतात, ती चांगलीही असतात, पण उद्या तो दिसला नाही तर कुणाच्या मनात काही येत नाही. तो गेला असेल, एवढंच. तुला परवा या म्हणणारी पहिलीच बाई भेटली, आणि तू गेला नाहीस तेव्हा शोधत आलीही तीच. ज्याची कुणी वाट बघतं, तोच हरवल्याचं कुणाला तरी कळतं. म्हातारपणी माणसाला देखावा किती पुरणार? आपण बाराला पोचलो नाही, हे चार वाजेपर्यंत कुणाच्या तरी ध्यानात यावं, एवढं पुरतं."

दिगंबरशेठने पट्ट्याच्या शिवणीवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "मग गुरुजी, जावं की जाऊ नये?"

"मला काय विचारतोस? तिला विचार. आणि विचारल्यावर उत्तर येईपर्यंत थांब."

दिगंबरशेठ पत्नीकडे वळला. या खेपेला तो खरंच थांबला.

"मला भीती वाटत होती हो," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "तुम्हाला रात्रीबेरात्री काही झालं असतं, तर मी त्या कुलपांना हाका मारत बसले असते का? तुमची हौस मोडायला नको म्हणून गप्प बसले. गाव वाईट नाही. पण तो बंगला नको. स्टँडामागच्या आळीत दोन खोल्या बघा, भाड्याच्या. आणि आपलं घर वर्षभर तरी असू द्या."

दिगंबरशेठने इतका मोठा श्वास सोडला की वेलावरची चिमणी उडाली. "अगं, खरं सांगू? त्या दहा कुलपांपुढे माझंही काळीज लटपटलं होतं. पण सगळ्यांना सांगून बसलो होतो ना!"

"हात्तिच्या!" बाई म्हणाल्या, आणि महिनाभराने पहिल्यांदा मोकळ्या हसल्या. दिगंबरशेठने तिथूनच दलालाला फोन लावला. 'नको' हा शब्द इतक्या आनंदाने उच्चारलेला त्या दलालाने जन्मात ऐकला नसेल. त्या दुपारी गुरुजींच्या सुनेने केलेली आमटी कुमुदिनीबाईंनी दोनदा मागून घेतली.

पुढे तीन-चार महिन्यांनी गुरुजींनी सहज फोन केला. दोघं आळीत राहायला गेली होती. मागे गिरणीची घरघर ऐकू येत होती, आणि कुणीतरी वहिनींना बोलावत होतं.

"काय दिगू, कसं आहे तुझं तळं?"

"तळं?" दिगंबरशेठ क्षणभर अडखळला. "अहो गुरुजी, महिना झाला की! तिकडे जायला सवडच झाली नाही."

"अस्सं," गुरुजी समाधानाने म्हणाले. "म्हणजे आता तू तिथे राहतोस."