कडेची खुर्ची

“हे चित्र आणखी किती स्थिर करू, वस्ताद? खांबासारखं स्थिर केलंय, तरी माणूस सापडत नाही!”

गफूर वस्तादांनी सावकाश चष्मा पुसला. कोल्हापुरातली निम्मी लग्नं त्यांच्या कॅमेऱ्यातून गेलेली. शार्दूल त्यांचा शागीर्द. हातात कला, डोक्यात हवा.

आज मात्र ती हवा पार निघून गेली होती. पडद्यावरच्या लग्नातल्या नवरीचे वडील लग्नानंतर आठव्या दिवशी वारले होते. लेकीवर अक्षता टाकताना ते एकदा दिसावेत, एवढंच तिच्या आईचं मागणं होतं. त्या काकू अकराला येणार होत्या, आणि अकराला दहाच मिनिटं उरली होती.

“कोपऱ्यात खुर्चीवर बसले होते म्हणे. चार वेळा बघितलं. कुठंच नाहीत.”

“मूळ फुटेज बघितलंस?”

“ते हलतंय, वस्ताद. तसलं कोण बघतंय? मी शूटिंगहून आल्या आल्या सगळं स्थिर करून टाकतो.”

“आणि स्थिर करताना कडा कुठं जातात रं?”

“कापल्या जातात. थोड्याशा...”

शार्दूलनं झटक्यात माउस ओढला.

त्यानं मूळ फुटेज लावलं. शेवटचं मंगलाष्टक संपलं, अक्षता उडाल्या, गर्दीत कुणाचा तरी धक्का लागला आणि चित्र डावीकडे कललं. कडेला एक खुर्ची आली. खुर्चीत वाळलेला माणूस, कसाबसा वर उचललेला हात, मुठीतून सुटणारे तांदूळ... आणि चित्र पुन्हा नवरा-नवरीवर.

“ह्याच धक्क्याची लाज वाटत होती मला,” शार्दूल पुटपुटला.

वस्ताद पडद्याजवळ वाकले.

“पण हे जेमतेम अर्धा सेकंद आहे! पापणी लवली की गेलं. काकूंना दिसणार कसं? वेग कमी करतो. निम्मा? पाव?” तो एकेक वेग लावून बघत होता. “फार ताणलं तर चित्र अडखळेल. सांगा ना, किती हळू करू?”

अकरा वाजले. खाली काकूंच्या पावलांनी लाकडी जिना वाजला. एक पायरी... मग बराच वेळ काहीच नाही... मग दुसरी.

वस्तादांनी बोट वर करून त्याला गप्प केलं. दोघं कान देऊन ऐकत राहिले. तिसरी पायरी वाजली.

“एवढं हळू,” वस्ताद म्हणाले.