डाव्या हाताची जागा

"आणि ही बंदूक टिकंल किती वर्षं?" चंद्राबाई गावडेंनी विचारलं.

"तुमचा नातू वापरेल," हंबीर म्हणाला. "मी शब्द देतो."

दुकानाच्या आतल्या बाजूला उस्ताद इब्राहीम शिकलगार एका बंदुकीच्या लाकडी दस्त्याला तेल चोळत होते. त्यांचा हात थांबला.

चंद्राबाईंचा ऊस चंदगडच्या रानाला लागून होता. रानडुकरं उभा फड लोळवून जायची. बंदुकीचा परवाना त्यांच्याच नावावर होता आणि राखणीला त्या स्वतःच बसायच्या. हंबीर देसाई फौजेतून परतल्यावर उस्तादांकडे जुन्या बंदुका पारखायला शिकत होता. समोरची दुनळी त्यानंच एका जुन्या बंगल्यातून दुकानासाठी आणली होती. उस्तादांनी ती अजून पाहिली नव्हती.

उस्ताद उठून बाहेर आले. "कुणाचा शब्द दिलास?"

"माझा."

"वय सांग."

"घोडे बाहेरच्या बाजूला. नळ्या लोखंडाच्या पट्ट्या पिळून घडवलेल्या, ही लहरींची नक्षी बघा. खालचा शिक्का काळ्या दारूच्या काळातला. माझ्या आजोबांच्याही आधीची आहे."

"बरोबर. सांधा?"

हंबीरनं नळ्या धरून बंदूक हलवली. कुठं खुट्ट झालं नाही. मग नळ्या सोडवल्या, बोटाला टांगल्या आणि टिचकी मारली. घंटेसारखा नाद घुमला.

"आतून?"

"आरसा आहे, उस्ताद. एक डाग नाही."

उस्तादांनी नळ्या उजेडाकडे धरल्या. बराच वेळ पाहत राहिले.

"इतकी वर्षं दारू खाल्लेली नळी... आणि एक डाग नाही?"

हंबीर नळ्या परत घ्यायला पुढे झाला.

"डाग होते. कुणीतरी खरवडून काढले. डागाबरोबर लोखंडही गेलं. तू जाडी मोजलीस?"

"...मोजली."

"कुठं कमी भरली?"

हंबीरनं नळीच्या मध्यावर बोट ठेवलं. बार काढताना डावा हात नळी जिथं धरतो, तिथं.

"आणि हे बाईंना सांगितलंस?"

"कमी आहे, पण धोका नाही! मी स्वतः—"

"सांगितलंस का?"

"...नाही."

चंद्राबाईंनी पदर खोचला. "म्हंजे ती माझ्या हातात फुटणार हुती व्हय रं?"

"फुटणार नाही!" हंबीरचा आवाज चढला. "उस्तादांना माझी पारख कधी पटलीच नाही. मी आणलेल्या प्रत्येक वस्तूत खोट काढायची! आज बाईंसमोर माझी अब्रू काढलीत, तर बाईंसमोरच कसोटी घ्या. आजकालच्या जोरदार काडतुसांनी उडवा. फुटली तर तुमच्या दुकानाची पायरी चढणार नाही."

उस्तादांनी मान हलवून होकार दिला.

गावाबाहेरच्या खाणीत नेऊन दुनळी जुन्या टायरला आवळून बांधली. चापाला लांब दोरी लावली. तिघं दगडाच्या भिंतीआड बसले.

हंबीरनं दोरी ओढली. बार झाला. धूर विरला... नळी शाबूत.

दुसरी नळी उडवली. तीही शाबूत.

हंबीर भिंतीवरून उडी टाकून धावत गेला आणि बंदूक सोडवून डोक्यावर उचलून घेऊन आला. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता.

"बघा! बघा बाई! आता बोला उस्ताद. चुकलो म्हणा!"

उस्तादांनी नळीवरून तळवा फिरवला.

"हंबीर, ही न फुटता उडाली हे मला मान्य."

"एवढंच?"

"एवढंच. आजच्यापुरतं."

चंद्राबाई दोघांकडे आळीपाळीनं पाहत होत्या. "मला नगं ही," त्या शेवटी म्हणाल्या. "उडली तरी नगं. दुसरी एखादी साधी असंल तर दाखवा, वाईट दिसली तरी चालंल."

दुकानात परतल्यावर उस्तादांनी त्यांना एक काळवंडलेली दुनळी काढून दिली. आतून गंजानं देवीच्या वणांसारखी टोचलेली, दस्त्याला तार गुंडाळलेली. नळीची जाडी त्यांच्यासमोर जागोजाग मोजून दाखवली. कुठली काडतुसं वापरायची, कुठली नाही, तेही त्यांच्याकडून दोनदा म्हणून घेतलं.

हंबीर बाजूला धुमसत उभा होता.

"ठीक आहे. बाईंना नको," तो म्हणाला. "बेळगावला एक शौकीन आहेत. दिवाणखान्यात लावायला घेतील. असली नक्षी आता कोण घडवतो?"

"भिंतीवरच राहील?"

"भिंतीवरच."

"ते गेल्यावर?"

"त्यांचा मुलगा..."

"तोही ती कधी खाली काढून उडवणार नाही?"

"उद्या कोण काय करेल याचा जाब मी का द्यायचा?" हंबीरनं टेबलावर मूठ आपटली. "माझं काम पारखायचं! वय सांगितलं, ते खरं. सांधा सांगितला, तो खरा. फुटणार नाही म्हणालो, तेही खरं निघालं. आणखी काय पाहिजे तुम्हाला?"

उस्तादांनी त्या नक्षीच्या नळ्या शिकंज्यात घालून आवळल्या. खणातून लोखंड कापायची करवत काढली.

"उस्ताद..."

करवत नक्षीवर टेकली.

"उस्ताद, हे काय करताय!"

किरकिर सुरू झाली. लोखंडाचा भुगा टेबलावर सांडू लागला. हंबीरनं त्यांचं मनगट धरलं. उस्तादांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे रागानं पेटले होते आणि त्या रागात ओलही होती. हंबीरचा हात आपोआप सुटला.

नळ्या कापल्या गेल्या. एक तुकडा फरशीवर पडून घरंगळत गेला.

हंबीरनं तो उचलला. काठाशी लोखंड पत्र्यासारखं पातळ होतं. तरी तो त्यानं मुठीत घट्ट धरला.

"पण फुटली नव्हती ना ती! तुमच्या डोळ्यांसमोर दोन्ही नळ्या उडवल्या, फुटली नाही! मग का कापलीत?"

उस्तादांनी करवतीचं पातं पुसलं.

"फुटली असती, तर कशाला कापली असती?"